काळ्या पट्ट्या, बहात्तर पायऱ्या

४ जून

ती. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार. (हल्ली वाकताना जरा दम लागतो, तेव्हा मनातल्या मनात वाकलो असं समज.)

तुझं पत्र पोचलं. बाबांच्या पेटीच्या काळ्या पट्ट्या सगळ्या मुक्या झाल्या आणि पांढऱ्या मात्र ठणठणीत वाजतात, हे वाचल्यावर मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चाळीस वर्षं पेट्या दुरुस्त करतोय, पण असं दुखणं घेऊन माझ्याकडे अजून कुणी आलं नव्हतं. दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही, तूच येऊन बघ, असं तू म्हणतेस. येतो की. फक्त तुझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही, आणि पायऱ्या बहात्तर. चार वर्षांपूर्वी आलो होतो तेव्हा तू माझ्याकडून मोठ्यानं मोजून घेतल्या होत्यास, म्हणून आकडा लक्षात आहे. पेटी कुणाबरोबर खाली पाठवून दिलीस तर बरं, असं आपलं एक सुचवून ठेवतो.

कारण सांगतो, पण घाबरायचं नाही. खोकला हटेना म्हणून डॉक्टरकडे गेलो, तर त्यांनी एका नळीत फुंकायला लावलं. म्हटलं, डॉक्टर, माणूस चुकलात. पेटीची रीड, म्हणजे सुराची पितळी जीभ, ओठांत धरून फुंकायची आणि सुरात आहे की नाही सांगायचं, यावर माझं घर चाललंय. पण त्या नळीनं माझी पार फजिती केली. आजाराचं नाव सीओपीडी. इंग्रजीत चार अक्षरं, मराठीत सांगायला डॉक्टरांना पाव तास लागला. फुफ्फुसातल्या नळ्या वर्षानुवर्षं धूर आणि धूळ खाऊन अरुंद झाल्यात. त्या पुन्हा पहिल्यासारख्या होणार नाहीत, पण सांभाळलं तर माणूस बरीच वर्षं नीट जगतो. धूर म्हणजे माझी सिगारेट, आणि धूळ म्हणजे कारखान्यातला लाकडाचा भुसा.

मी आपलं माझं निदान केलंय. भाता गळतोय. गळक्या भात्याला काय करतात? हवा जास्त भरतात. म्हणून मी दिवसातून वीस वेळा छाती फुगेल तेवढी हवा आत ओढतो आणि धरून ठेवतो. खिडक्याही बंद ठेवतो, उगाच वाया जायला नको. डॉक्टरांनी श्वासातून औषध ओढायचा एक पंप दिलाय. उघडून बघितला, आतली झडप फार सुबक आहे.

सिगारेट सोडली. पेटीचं कळव.

तुझा,
धाकटा

ता.क. वन्सं, हे पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून पाठकोऱ्या जागेत लिहिते. ह्यांना कळू देऊ नका. पंप तीन झाले, तिन्ही खोलून टेबलावर मांडलेत. बुटाची नाडी बांधताना मधे थांबावं लागतं. आणि सिगारेट सोडली ती फक्त माझ्यासमोर. कारखान्यामागं पाण्याच्या टाकीपाशी रोज दोन होतात. तुमचं ऐकतील, माझं ऐकत नाहीत.

१३ जून

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

पेटी खाली येणार नाही. ती माझ्या कपाटाशेजारी आहे आणि तिथंच राहील. डिसेंबरपर्यंत वेळ देते. तोवर छाती दुरुस्त कर आणि ये. पायऱ्या बहात्तरच आहेत, वाढलेल्या नाहीत.

छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, तेव्हा मी हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नाही. चार ठिकाणी चौकशी केली आणि निसर्गात काय काय आहे ते ऐकून थक्क झाले. सकाळी उठल्याबरोबर आलं आणि मध. जेवताना कच्चा लसूण. तोंडाला वास येईल, पण त्यानं गिऱ्हाईक लांब बसेल आणि तुला विश्रांती मिळेल. दिवेलागणीला निलगिरीच्या तेलाचा वाफारा. शिवाय सोबतच्या पिशवीत एक वाळलेला पाला आहे. हा पाला निखाऱ्यावर टाकून धूर छातीत घ्यायचा. माझ्या भाजीवाल्याच्या आत्याचा दमा त्यानं मुळापासून गेला म्हणे. त्यानंच टोपलीत घालून दिला. मी चौथ्या मजल्यावरून दोरीनं टोपली सोडते, तो भरतो, मी ओढते. फार सोयीचं आहे.

पंप हे बघायचं यंत्र नाही, ओढायचं आहे. आणि सिगारेट सोडलीस हे वाचून बरं वाटलं. पण मला का कोण जाणे सारखी एक पाण्याची टाकी डोळ्यांपुढं येते, आणि तिच्याआड कुणीतरी दोन ओढतंय. बघ बाबा, तुझं तू.

ताई

२७ जून

ती. ताईस,

टाकी तुला कशी दिसली? इतक्या लांबून? लहानपणी मी खिशात काय लपवलंय ते तू न बघता सांगायचीस, पण आता सत्तरी ओलांडल्यावर तुझी ही विद्या जास्तच धारदार झालीय. टाकीमागं आता मी जात नाही. नुसतं आठवलं तरी पाठीवर कुणाची तरी नजर जाणवते.

तुझे उपाय सुरू केले. आलं-मध चांगलं. लसूण जरा जास्त झाला. शाळेच्या तीन पेट्या न्यायला संगीताच्या बाई आल्या होत्या, त्या दारातूनच परत गेल्या. पण सगळ्यांत मनापासून केला तो पाल्याचा उपाय. बहिणीच्या आज्ञेनं धूर ओढायचा, असं भाग्य कुणाला मिळतं? कारखान्याच्या सगळ्या खिडक्या लावल्या, सरस वितळवायच्या शेगडीत निखारे केले, वर पाला टाकला आणि पोटभर ओढला.

पुढचं मला नीटसं आठवत नाही. समोरच्या शिंप्यानं दाराच्या फटीतून धूर बघितला आणि आग लागली समजून दोन बादल्या पाणी आत फेकलं. एक माझ्यावर, एक शाळेच्या पेट्यांवर. तो माणूस एरवी कापड कधी सरळ कापत नाही, पण बादली अगदी नेमकी मारली. डॉक्टर म्हणाले, एका धुरानं दुखणं आणलंत, आता दुसऱ्या धुरानं घालवणार होतात का? त्यांचा आवाज जरा वर गेला होता. एरवी मी ठीक आहे.

धाकटा

ता.क. वन्सं, ठीक काही नव्हतं. ओठ निळे पडले होते. दोन दिवस दवाखान्यात नाकाला ऑक्सिजन लावून होते. मी फार घाबरले होते, आता आवरलंय. तुम्हाला दोष देत नाही, पण पाला परत पाठवू नका. आणि एक विचारू? टोपली कशाला? तुम्ही तर रोज स्वतः मंडईत जाऊन भाजी निवडून आणायच्या.

५ जुलै

चि. धाकट्यास,

पाला माझा, चूक माझी. गणिताच्या बाईनं वैद्यकी करू नये हे मला या वयात कळलं. भाजीवाल्याला विचारलं, तर आत्या त्याची नव्हे, शेजाऱ्याची. आणि तिला दमा नव्हता, सर्दी होती. त्याच्याशी तीन दिवस बोलले नाही. मग टोपली रिकामीच वर आली, तेव्हा बोलावं लागलं.

आता नीट ऐक. बाबांना शेवटच्या वर्षी दम लागायचा, आठवतं? विचारलं की म्हणायचे, काही नाही ग, जरा चालून आलो. मी विश्वास ठेवला. त्याच कारखान्यात, त्याच भुशात त्यांचा जन्म गेला. मला पुन्हा तसला विश्वास ठेवायचा नाही. आपण दोघंच उरलोय.

म्हणून यापुढं डॉक्टर सांगतील तेवढंच. पंप न खोलता ओढायचा. दवाखान्यात श्वासाचे व्यायाम शिकवत असतील, तिथं जायचं. आणि मला आकडे पाठवायचे, दर आठवड्याचे. कसले ते तिथं विचार. आकड्यांखेरीज मला काही समजत नाही.

आणि टोपली निव्वळ सोयीसाठी आहे, हे कुणी विचारलंच तर सांग.

ताई

३० जुलै

ती. ताईस,

टोपलीचं कुणी विचारलं नव्हतं, पण येईल त्याला सांगतोय.

दवाखान्यात एक व्यायामवाली बाई आहे. वय माझ्या धाकट्या सुनेएवढं, गळ्यात शिट्टी, आणि अंगात दरारा. पहिल्याच दिवशी तिला म्हटलं, माझा भाता गळतोय, हवा भरायची सोपी युक्ती सांगा. तिनं विचारलं, तुमचा धंदा काय? पेट्यांचा म्हटल्यावर खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, मग मलाच सांगा, पेटीत हवा कशी फिरते.

मी सांगितलं. हातानं हलवतो तो बाहेरचा भाता हवा आत ढकलतो. ती आतल्या भात्यात साठते. आतल्या भात्याला स्प्रिंगा असतात, त्या हवेला दाबून रीडकडे पाठवतात, आणि मग सूर. ती म्हणाली, आणि स्प्रिंगा सैल झाल्या तर? म्हटलं, मग हवा आतच बसून राहते. तुम्ही वरून कितीही हलवा, भाता फुगलेला आणि सूर निघत नाही.  तिनं गळ्यातली शिट्टी उचलून माझ्या छातीकडे रोखली.

ताई, चाळीस वर्षं मी हे लोकांना शिकवतोय. भाता फाटलेला नाही. स्प्रिंगा गेल्यात, आणि बाहेर जायची वाटही अरुंद झालीय. हवा येत नाही असं नाही, जुनी हवा जात नाही, म्हणून नवीन बसायला जागा नाही. आणि मी दोन महिने भरलेल्या भात्यात आणखी भरत होतो. माझ्या दुकानात एखाद्यानं असं केलं असतं तर मी त्याच्या हातातून पेटी काढून घेतली असती.

स्प्रिंगा नवीन मिळत नाहीत. पण करण्यासारखं पुष्कळ आहे. नाकानं घ्यायचं, आणि मेणबत्ती न विझवता नुसती ज्योत हलवायची आहे अशा बेतानं, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचं. घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट सोडायला. रोज चालायचं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. पोटाला तडस लागेल असं जेवायचं नाही, भरलं पोट खालून छातीला ढकलतं. खिडक्या उघड्या. भुसा झाडायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा. मी तिला आलं-मधाचं विचारलं. म्हणाली, घ्या, घसा सुखावेल. पण पंपाच्या जागी नाही, पंपाच्या जोडीला.

मग मला एक सुचलं. चंबू करून हळू सोडायचं, तर रीडमध्येच का सोडू नये? खालच्या सा ची रीड खिशात ठेवलीय. ओठांत धरून हळू फुंकतो, जितका वेळ सूर टिकला तितके सेकंद. बाईनं ऐकून घेतलं आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना बोलावून दाखवलं. हे घे तुझे आकडे. पहिला आठवडा: सहा.

धाकटा

ता.क. पाच. मी घड्याळ धरलं होतं. पण वन्सं, रोज दोनदा न चुकता फुंकतात. घरात सकाळ-संध्याकाळ म्हैस हंबरल्यासारखा आवाज असतो. मला आवडायला लागलाय.

४ सप्टेंबर

ती. ताईस,

घाईत लिहितोय, कामं फार. आकडे: सहा, आठ, दहा, बारा, चौदा. सिगारेट शून्य. चालणं रोज पोस्टापर्यंत आणि परत. डिसेंबरात तुझ्या बहात्तर पायऱ्या एका दमात चढतो की नाही बघ. चहा टाकून ठेव.

धाकटा

ता.क. पाच, सहा, चार, सहा, पाच. चार आला तो टाकीमागं गेल्याच्या दिवशी. पोस्टापर्यंत मी चालते आहे, ह्यांचं पत्र घेऊन. हे शिंप्याच्या दुकानापर्यंत जाऊन त्याच्याशी गप्पा मारून येतात. शिंपी म्हणतो, येतात कसले, धापा टाकत बसतात. वन्सं, टोपलीचं तुम्ही सांगितलं नाहीत.

१२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

पाच आठवडे, दर आठवड्याला बरोबर दोन. अरे, मी छत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. प्रयोग न करता घरी बसून आकडे भरणारी पोरं असंच करायची. खऱ्या माणसाचे आकडे असे चढत नाहीत. कधी पाऊस असतो, कधी खोकला, कधी माणूस नको तिथं जाऊन नको ते करून येतो. त्या आठवड्यात आकडा खाली यायला हवा. चारवर वगैरे.

मला राग आलाय, आणि तो सांगते. तू छान आहेस हे मला ऐकायचं नाही. तू कसा आहेस ते ऐकायचंय. तू मला चौदा लिहितोस आणि मी इकडे खुश होऊन कपाट आवरून ठेवते, तुझी चटई उन्हात घालते, आणि मग रात्र झाली की मनात येतं, बाबाही असेच बोलायचे. त्यांचेही आकडे चांगले होते.

पाच असेल तर पाच लिही. पाचावर मी रागावणार नाही. चौदावर रागावलेय.

ताई

१८ ऑक्टोबर

ती. ताईस,

तुझं पत्र आलं तेव्हा मी टाकीमागं होतो. पत्र हातात, सिगारेट तोंडात. "चारवर वगैरे" इथं आलो आणि सिगारेट पायाखाली विझवली. चार कुठून आला तुला? उरलेलं सिगारेटचं पाकीट घेऊन तडक घरात गेलो आणि हिच्या हातात दिलं. हिनं ते चुलीत नाही, पाण्यात टाकलं. म्हणाली, धूर नको. पाच आठवडे झाले. पहिले दोन मी इतका चिडचिडा होतो की शिंप्यानं समोरची बाजू सोडून दुकानाच्या आत मशीन नेलं.

खरं लिहितो. मला भीती वाटत होती. नळीत फुंकताना पडद्यावर जी रेघ आली ती इतकी बुटकी होती की मला माझीच लाज वाटली. फुंकणं हा माझा धंदा, ताई. ज्याच्यावर नाव कमावलं तेच गेलं, हे तुला कसं सांगायचं? म्हणून तुला चौदा पाठवला. चौदा लिहिला की मलाही दोन दिवस बरं वाटायचं.

खरे आकडे: पाच, सहा, चार, सहा, पाच. मग सहा, सात, सात, पाच (सर्दी झाली होती, डॉक्टरांनी पंपात बदल केला आणि सर्दीतापाची लसही टोचली), सात, आठ. घरामागच्या जिन्याला अठरा पायऱ्या आहेत, तुझ्या एका मजल्याएवढ्या. तीन चढायच्या, थांबायचं, चंबू करून सोडायचं, पुन्हा तीन. आता एक मजला जमतो. एक जमणं आणि चार जमणं यातलं अंतर तुझ्याइतकं कुणाला कळणार?

तरी डिसेंबरात येतो. किती चढेन ते माहीत नाही.

धाकटा

२६ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

तुझ्या बायकोला काय झालंय? ताबडतोब कळव. तुझं पत्र पालथं करून बघितलं, उजेडात धरून बघितलं, पाकीट फाडून आतून बघितलं, कुठंही ता.क. नाही. ती आजारी आहे का? माहेरी गेली का? तुझ्या चिडचिडीला कंटाळून गेली असेल तर मी तिच्या बाजूनं आहे.

तुझे आकडे खरे आहेत हे मला पहिल्या नजरेत कळलं. मधला पाच बघून डोळ्यांत पाणी आलं. इतका सुंदर पाच मी जन्मात बघितला नव्हता. पण आधी तिचं कळव.

ताई

६ नोव्हेंबर

ती. ताईस,

कोणतं ता.क.?

हा प्रश्न मी तुझं पत्र हातात धरून हिला विचारला. ही भाजी निवडत होती. तिनं शेंगांवरून नजर न काढता सगळं सांगितलं, जूनपासून. टाकी, पंप, ऑक्सिजन, चार. मी तुला त्रिकाळज्ञानी समजत होतो. टाकीमागं जाताना आभाळाकडे बघून माफी मागायचो. आणि तुझी सगळी विद्या माझ्याच पत्राच्या पाठीवर बसून, माझंच तिकीट लावून येत होती.

दोन दिवस दोघींवर रुसलो. तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं की रुसायला लागणारा श्वास फुकट जातोय.

ता.क. का नव्हतं ते ऐक. ते पत्र मी स्वतः पोस्टात टाकलं. चालत गेलो. वाटेत पाच वेळा थांबलो, एकदा शिंप्याच्या दुकानात बसलो, पण टपालपेटीच्या तोंडात पत्र माझ्या हातानं गेलं. हिला मी नको म्हटलं म्हणून ती मागून पन्नास पावलांवर चालत होती, मला दिसू नये अशी. पोस्टातला कारकून म्हणाला, काका, बऱ्याच दिवसांनी. मी त्याला सांगितलं, आठ सेकंद. त्याला काही कळलं नाही, पण हसला बिचारा.

१४ डिसेंबरला येतोय. ही बरोबर आहे. सकाळच्या गाडीनं निघतो, जेवायच्या वेळेला तुझ्या इमारतीखाली. खाली दारात उगाच उभी राहून वाट बघू नकोस.

धाकटा

ता.क. वन्सं, आता उघड लिहिते, हे शेजारीच बसलेत. तुम्ही खाली दारात उभ्या राहणार नाही, हे मी टोपलीवरून ओळखलंय. का, ते तुम्हीच सांगा. मी ह्यांना सांगितलेलं नाही.

१४ डिसेंबर, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर

ताई,

आलोय. छत्तीस झाल्या. पंचवीस मिनिटं लागली. आता छाती ऐकत नाही, म्हणून इथं कुणाच्या तरी चपलांच्या कपाटावर बसलोय. हिला म्हटलं, वर जाऊन सांग, तर म्हणते एकटं सोडणार नाही. समोरच्या खिडकीतून तुझी टोपली लोंबताना दिसतेय, हात पुरतोय. चिठ्ठी त्यात टाकून दोरी हलवतो. ओढ.

अजून छत्तीस राहिल्यात. आज जमतील असं वाटत नाही. खोटं लिहिणार नाही म्हटलं होतं, म्हणून लिहितो.

धाकटा

(टोपलीतून परत)

धाकट्या,

पाणी पी, बाटली पाठवतेय. घोट घोट पी. आता माझं ऐक. मार्चपासून मी खाली उतरलेले नाही. दोन्ही गुडघे गेलेत. चढणं जमतं, उतरणं जमत नाही, भीती वाटते. म्हणून टोपली. तुला लिहिलं नाही, कारण मोठ्या बहिणीनं असं लिहायचं नसतं असं मला वाटायचं.

आणि दुसरं. पेटीला काही झालेलं नाही. काळ्या पट्ट्या उत्तम वाजतात. तू यावंस म्हणून लिहिलं होतं. तुझ्या छातीचं आधी ठाऊक असतं तर लिहिलं नसतं. आता मला फार वाईट वाटतंय.

ताई

(टोपलीतून वर)

ताई,

माहीत आहे. काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांना हवा एकाच भात्यातून जाते. सगळ्या काळ्या बंद आणि सगळ्या पांढऱ्या चालू, असं दुखणं पेटीला होऊच शकत नाही. जूनमध्ये तुझं पत्र वाचलं त्याच मिनिटाला कळलं होतं. तुझा एवढा खोटा आकडा मी कसा तपासणार नाही?

पेटीसाठी मी चार पायऱ्याही चढलो नसतो. साडेचार महिने फुंकलं ते तू बोलावलंस म्हणून.

धाकटा

(टोपलीतून खाली)

तिथंच बस. हलू नकोस. मी उतरते. छत्तीस तू, छत्तीस मी, हिशेब बरोबर. तिला वर पाठव, कठडा एका हातानं आणि तिला दुसऱ्या हातानं धरते.

ताई

(भावजयीच्या हाती, तिसऱ्या मजल्यावरून)

अठरा झाल्या. पायरीवर बसलेय. गुडघे थरथरताहेत, तू बसलायस ते वळण दिसत नाही आणि धीर होत नाही. तुझा तो सा खिशात आहे ना? फुंक. ऐकू आला की उठते. मी मोजतेय, म्हणजे थापा चालणार नाहीत.

ताई

(पाठकोऱ्या बाजूला, धाकट्याच्या अक्षरात)

धरला बघ. ये.

ता.क. वन्सं, ही चिठ्ठी मी वर आणत नाही. सहा महिने तुमची दोघांची पत्रं वाहिली, आज जिन्यावरून वर-खाली केलं, आता मलाच दम लागलाय. म्हणून इथूनच मोठ्यानं वाचतेय. तुम्ही कठडा धरून उठा. नऊ उतरलात की वळणावरून हे दिसतील. आत्तापर्यंत अकरा झाले, पण मधे सूर हलला, कारण हे फुंकता फुंकता रडताहेत. तो सेकंद धरायचा की नाही, ते खाली येऊन तुम्हीच ठरवा.